फॉन्ट आधी, बायको नंतर

शैलेशने ते वाक्य मुद्दाम टाकलं नव्हतं, एवढं तरी त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. ते त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि लोक हसले म्हणून त्याने ते पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हटलं. ‘फॉन्ट आधी, बायको नंतर.’ पनवेलच्या एका वाचनालयाचं वरच्या मजल्यावरचं सभागृह, संध्याकाळची वेळ, पंखे फिरताहेत, भिंतीवर प्रोजेक्टरने टाकलेला पुरुषभर उंचीचा ‘प्र’, आणि पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या सौभाग्यवतींसाठी राखून ठेवलेल्या खुर्चीवर ती. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. तीही हसली. अशा वेळी हसायचं असतं, हे तिला इतक्या वर्षांत चांगलं जमलेलं आहे. फक्त हसताना तोंड एकदम कोरडं पडलं, वरचा ओठ दातांना चिकटला आणि खाली यायला थोडा वेळ लागला.

तिला आपण प्रांजलच म्हणू. सगळं पनवेल तेच म्हणतं, आधार कार्डावर तेच आहे, करंजाड्याच्या फ्लॅटच्या दारावर पितळी पाटीत शैलेशच्या खाली तेच आहे. आणि भिंतीवरच्या त्या फॉन्टचं नावही तेच. तुम्ही तो पाहिलेला आहे. नाव ठाऊक नसेल, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एखादी लग्नाची पत्रिका हातात धरली असेल, साड्यांच्या दुकानाची पाटी वाचली असेल, चौकातल्या बॅनरवर एखाद्या भावी नगरसेवकाचा वाढदिवस साजरा होताना पाहिला असेल, तर पाहिलेला आहे. शिरोरेषा डावीकडे किंचित उचललेली, काना वरून जाड निघून खाली येताना निमुळता होत जाणारा, आणि अगदी तळाला पोचल्यावर पुन्हा फुगून तांदळाच्या दाण्याएवढा झालेला. अक्षराच्या टोकाला फुटलेल्या अशा पायांना त्या धंद्यात सेरिफ म्हणतात. इंग्रजी अक्षरांना ते जन्मतःच असतात. देवनागरीला ते द्यायचे तर जपून द्यावे लागतात, नाहीतर अक्षर घुंगरू बांधल्यासारखं दिसतं. शैलेशने ते जपून दिले होते. निदान लोक तसं म्हणतात, आणि आज त्याचा सत्कार त्याचसाठी होता.

या दाण्यांची एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट फॉन्टपेक्षाही जास्त चालली. लग्नानंतर नवी नवरी घरात येते, लक्ष्मीपूजन होतं, ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. शैलेशने बायकोचं नाव लिहिलं. अंगठी ओढताना प्रत्येक रेघेच्या टोकाशी तांदूळ साचले, छोटे छोटे ढीग झाले. त्याने ते ढीग पाहिले, आणि त्याला फॉन्ट सुचला. बायकोच्या नावातून निघाला म्हणून फॉन्टला बायकोचं नाव. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हे दोनदा छापून आलं होतं, एकदा ताटासकट फोटो काढून; ताट दुसरंच होतं, पण तांदूळ खरे होते. आजही शैलेशने सुरुवात तिथूनच केली होती आणि सभागृह सुखावलं होतं. मग प्रश्नोत्तरांत प्रितेश नावाचा एक तरुण डिझायनर उठला. दाढी कोरलेला, आवाज अगदी नम्र. तो म्हणाला, सर, तुमचं लग्न अठ्ठ्याण्णवचं. पण अशीच दाण्यांची टोकं असलेला एक फॉन्ट सत्त्याण्णव सालीच एका कंपनीने बाजारात आणला होता. मग ही प्रेरणा म्हणायची, की आणखी काही? सभागृहात चुळबुळ झाली. शैलेशचे कान लाल झालेले तिला पहिल्या रांगेतून दिसले. आणि त्याने एका क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं की त्याची ड्रॉइंग शहाण्णव साली पूर्ण होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सगळी अक्षरं, सगळी जोडाक्षरं, आणि नावसुद्धा. ‘प्रांजल हे नाव मी तेव्हाच ठरवलं होतं. ‘प्रां’मध्ये जोडाक्षर, काना आणि अनुस्वार एकत्र येतात, ‘ज’मध्ये वळसा, ‘ल’मध्ये पोट. तीन अक्षरांत अख्खा फॉन्ट कळतो. विचारा माझ्या सरांना, हयात आहेत.’ सूत्रसंचालन करणारे गृहस्थ मिश्कील होते. ते म्हणाले, म्हणजे वहिनींचं नाव फॉन्टवरून? तेव्हा शैलेशने ते वाक्य म्हटलं. प्रितेश खाली बसला. टाळ्या पडल्या. शैलेशने चोरीचा आळ झटकला होता, आणि त्या नादात दुसरं काय झटकलं गेलं ते त्याच्या गावीही नव्हतं.

पुढचं तिला फारसं ऐकू आलं नाही. भिंतीवर अक्षरं बदलत होती, ‘क्ष’ आला, ‘ज्ञ’ आला, आणि ती मात्र काशिरामअण्णांच्या दुकानात जाऊन बसली होती. लाइन आळीतलं पत्रिकांचं दुकान, काचेच्या कपाटात गणपती छापलेले नमुने, आत पडद्यामागे कॉम्प्युटर. मोऱ्याच्या बंदरावरून ती रोज एसटीने यायची. वय वीस, टायपिंगची परीक्षा पास, अंगाला घरातल्या सुकटीचा वास येत असेल की काय या धास्तीने बसमध्ये सुद्धा खिडकीशी बसणारी. काशिरामअण्णा म्हणजे शैलेशचे वडील. त्यांनी तिला कामावर घेतलं ते तिचे हात भराभर चालतात म्हणून. शैलेश तेव्हा नुकताच कॉलेजमधून बाहेर पडलेला, मोठाले ट्रेसिंग पेपर काखेत मारून दुकानात यायचा आणि तिच्या मागे उभा राहून स्क्रीनकडे बघायचा. एक दिवस त्याने विचारलं होतं, ‘प्रांजल. हे नाव कसं वाटतं तुला?’ तिने मान वर न करता म्हटलं होतं, छान आहे. ‘नाही, नीट सांग. म्हणून बघ.’ तिने म्हणून पाहिलं होतं. त्या रात्री मोऱ्याच्या घरात, शेजारी आई घोरत असताना, ती ते नाव कितीतरी वेळ तोंडातल्या तोंडात म्हणत पडली होती. कुणीतरी आपल्याला नाव देऊ बघतंय, एवढंच तिला कळलं होतं. आता, टाळ्यांच्या आवाजात, तिला कळलं की तो एका मालाचं नाव गिऱ्हाइकाला विचारून बघत होता. बहुधा त्या आठवड्यात त्याने ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं असेल. पोस्टमनलाही विचारलं असेल.

तिचं स्वतःचं नाव शुक्री होतं. शुक्रवारी जन्मली म्हणून शुक्री, यापलीकडे त्यात काही नव्हतं. आई सखूबाई मोऱ्याच्या धक्क्यावर म्हावरं घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन विकायला जायची. मुलींची नावं शोधत बसायला तिला सवड नव्हती. लग्न ठरलं तेव्हा शैलेशने ते नाव एकदा कागदावर लिहून पाहिलं होतं. डोळे बारीक करून, कागद लांब धरून. ‘खाली उकार, वर वेलांटी, मधे क ला र. सगळी गर्दी आहे गं. डोळा ठरत नाही,’ तो म्हणाला होता. आणि तिला काय वाटलं असेल? राग? छे. तिला लाज वाटली होती, नावाची, जणू ते धुवायचं राहून गेलं होतं. नवं नाव मिळणार याचा तिला आनंदच झाला. ते खरं होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून तर तांदळाच्या ताटासमोर ती तशी बसली होती, श्वास धरून. बाकीचे नवरे काय करतात, अंगठीने कशीबशी चार वेडीवाकडी अक्षरं ओढतात, बायका हसतात, झालं. शैलेशने अंगठी तिरकी धरली. एकदाही न थांबता, एकदाही न खोडता, जाड-बारीक सांभाळत त्याने ते नाव काढलं, आणि जमलेल्या बायका हळदीकुंकू वाहायचं विसरून बघत राहिल्या. तिने त्या ताटाकडे पाहून मनाशी म्हटलं होतं, याने किती रात्री माझं नाव गिरवलं असेल. हे एक वाक्य तिने स्वतःला सांगितलं, आणि ते तांदूळ तिने सत्तावीस वर्षं पुरवून खाल्ले. आर्यन झाला तेव्हा शैलेश दिल्लीला प्रदर्शनात होता, तेव्हा खाल्ले. तिला कावीळ झाली आणि तो रोज संध्याकाळी ‘आज बरी आहेस ना’ म्हणून उत्तर न ऐकता आत जायचा, तेव्हाही खाल्ले. ज्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं त्याच्याकडून बाकीचं काय मागायचं, असा तिचा हिशेब होता. गिरवलं होतं त्याने, रात्री रात्री जागून गिरवलं होतं, त्यात खोट नाही. फक्त तेव्हा तो तिला ओळखतही नव्हता.

‘सौ. प्रांजलताईंनी कृपया मंचावर यावं.’ ती गेली. शैलेशला शाल-श्रीफळ झालं होतं, तिला साडी-चोळी दिली. साडीच्या पिशवीवर दुकानाचं नाव होतं, अर्थात त्याच फॉन्टमध्ये. छोट्या आकारात छापल्यामुळे टोकांचे दाणे एकमेकांना चिकटून गिचमीड झाली होती. बारीक टाइपात हा फॉन्ट फुटतो. हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण लग्नानंतरही दहा-बारा वर्षं ती त्याच पडद्यामागे बसून त्याच फॉन्टमध्ये लोकांची लग्नं जुळवत होती. गिऱ्हाइकं यायची आणि सांगायची, मुलाचं नाव प्रांजलमध्ये करा. प्रांजल जरा मोठी करा. प्रांजल बोल्ड करा. मग काही वर्षांनी, प्रांजल नको आता, जुनी वाटते, सगळीकडे तीच दिसते. ती मुकाट्याने यादीतून दुसरं नाव निवडायची. त्या वेळी याचं तिला हसूच यायचं, रात्री जेवताना ती शैलेशला सांगायचीही आणि दोघं हसायची. आता मंचावर उभी राहून फोटोसाठी साडी छातीशी धरताना तिला ते सगळे आवाज एकामागून एक आठवले आणि त्यातला एकही विनोदी वाटला नाही.

खाली रस्त्यावर आल्यावर शैलेशने रिक्षा केली. तो भलताच खुशीत होता. शाल घडी घालून मांडीवर घेतली होती आणि तिच्यावर बोटं वाजवत होता. ‘कसं गप्प केलं त्याला? आला होता मोठा तारीख घेऊन.’ रिक्षा बाजारातून कशीबशी वाट काढत होती. डावीकडे साडी सेंटर, प्रांजल. पुढे मंगल कार्यालय, प्रांजल, सोनेरी. विजेच्या खांबाला बांधलेला हळदीचा बॅनर, नवरदेव गॉगल लावून, खाली दोन्ही बाजूंना मित्रमंडळाची नावं. प्रांजल, गुलाबी सावली मारलेली. त्याच खांबाच्या दुसऱ्या अंगाला भावपूर्ण श्रद्धांजली, म्हातारा फेटा बांधून, कंसात वय. तीच अक्षरं, फक्त काळी. हे सगळं पहिल्यांदा दिसायला लागलं तेव्हा ती शैलेशचं बोट धरून दाखवायची, ते बघ. मोऱ्याची पोरगी, जिचं नाव लिहिल्यावर डोळा ठरत नव्हता, ती आता खांबाखांबावर होती, एवढी ऐट तिला होती. ती कुणाला बोलून दाखवली नाही, पण होती. आज रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी तेच नाव सरकत होतं, आणि ते परक्या बाईचं होतं. ती परकी बाई शहाण्णव सालची, ट्रेसिंग पेपरवरची, तिच्या आधी या घरात आलेली. तिच्या मागून आपण आलो, तिचे कपडे घातले, तिच्या नावाने हाका आल्या तर ओ दिली. सवत म्हणावी तर त्यालाही ती जिवंत असावी लागते.

‘मग तांदळाचं काय?’ तिने विचारलं.

‘कुठल्या तांदळाचं?’

‘तांदळातून सुचलं म्हणायचास.’

‘अगं, लोकांना एक गोष्ट लागते,’ शैलेश म्हणाला. ‘नुसत्या रेघांवर कोण टाळ्या वाजवतं? आणि तसं खोटं पण नाही ते. लिहिलं होतंच की मी तांदळात. उलट तांदळात तो किती छान उतरला! मला तेव्हाच कळलं, हा चालणार.’

‘आणि मला?’

‘तुला काय?’

त्याने खरंच काही न कळून तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यात लबाडी असती तर बरं झालं असतं, धरता आली असती. गाढी नदीच्या पुलावर रिक्षा हळू झाली, पुढे डंपर होता. मग तिने विचारलं, अगदी साधं, भाजी कुठली आणू असं विचारावं तसं: ‘माझ्या जागी दुसरी कुणी असती तर?’

शैलेशने विचार केला. कामाचा प्रश्न विचारला की तो नेहमी नीट विचार करून उत्तर देतो. ‘तर तिचं नाव प्रांजल असतं,’ तो म्हणाला, आणि डंपरच्या मागच्या फळीवर कुणी रंगवलेली अक्षरं वाचायला लागला.

उत्तर बरोबरच होतं. त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं, हेच चीड आणणारं होतं. आपल्याला एवढं दुखतंय कशानं, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. मारलं नाही, टाकलं नाही, दुसरी ठेवली नाही. एक नाव आधी ठरलं होतं की नंतर, एवढीच बाब. पण तिच्याकडे दुसरं काय होतं? सगळं आयुष्य चाळून एकच गोष्ट निघायची जी कुणीतरी फक्त तिच्यासाठी केली होती. तिला आई आठवली. आईला ते नाव कधी म्हणता आलं नाही. पहिल्या दिवाळीला सखूबाई बोंबलांची पिशवी घेऊन लाइन आळीतल्या सासरच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘परांजी हाय का घरात?’ आतून शैलेशच्या बहिणी फिस्सकन हसल्या. शुक्रीने बाहेर येऊन पिशवी आधी पदराखाली घेतली आणि दबक्या आवाजात म्हटलं, येत नाही तर म्हणू नकोस ना. आई म्हणाली, ‘जीभ वलत नाय गं बाय.’ रागावली नाही, काही नाही. पण त्यानंतर तिने परांजीही म्हटलं नाही आणि शुक्रीही. पुढची सगळी वर्षं ती लेकीला ‘अगं’ म्हणाली, ‘बाय’ म्हणाली, फोन केला तर नुसतं ‘मी बोलतंय’ म्हणाली. आई गेली तेव्हा उत्तरकार्याची पत्रिका तिने स्वतःच जुळवली, त्याच फॉन्टमध्ये, दुसरा वापरायचं सुचलंही नाही. आणि मुलींच्या रांगेत सौ. प्रांजल घातलं. मोऱ्याला मांडवात एक म्हातारी ती पत्रिका नातवाकडून वाचून घेत होती. मधेच तिने विचारलं, ‘ही प्रांजल कोन? आन सखूची शुक्री, तिचा नाव कना नाय टाकला?’ शुक्री दोन हातांवर बसली होती. तिने तोंड फिरवलं.

करंजाड्याला घरी पोचेपर्यंत आर्यन आणि कीर्ती येऊन बसलेली होती. आर्यन तिचा मुलगा, कीर्ती त्याची होणारी बायको. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. कीर्ती बडबडी, मायाळू पोरगी, आल्या आल्या सासूच्या हातातली साडीची पिशवी घेणारी. आणि हीच कीर्ती महिन्यापूर्वी शैलेशच्या मागे लागली होती की बाबा, तुम्ही आईंना नाव दिलंत तसं मलाही द्या ना, आपण तांदळात लिहू, आर्यनला शिकवा. त्या दिवशी प्रांजलला किती बरं वाटलं होतं. शैलेशने लगेच, अगदी लगेच म्हटलं होतं, क्षितिजा. सगळे वा म्हणाले होते. आता चपला काढता काढता तिच्या डोळ्यांसमोर शैलेशच्या खोलीतली भिंत आली, वर्षभर तिथे चिकटवलेले कागद आले, आणि त्यांवर सगळीकडे असलेला तो ‘क्ष’. ती पुसायला रोज त्या खोलीत जायची. रोज बघायची. दोघांना पाणी दिल्यावर ती शैलेशच्या मागोमाग आत गेली.

‘क्षितिजा म्हणजे हा?’ तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

‘मग! बोल्ड झालाय. जोडाक्षरं राहिलीत थोडी.’

‘नाव कधी ठरलं?’

‘झाली दोन वर्षं. का गं?’

दोन वर्षांपूर्वी आर्यनला कीर्ती भेटलीही नव्हती. तिच्या पोटात एकदम गरम झालं, संध्याकाळपासून पहिल्यांदाच, आणि त्या उबेने तिला बरं वाटलं. स्वतःचं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण ही पोरगी अजून ताटासमोर बसलेली नव्हती. कीर्ती स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कोथिंबीर निवडत उभी होती. प्रांजलने गॅस बारीक केला, दार लोटून घेतलं आणि घाईघाईने, सासूने बोलू नये अशा आवाजात सांगितलं. ‘कीर्ती, ऐक माझं. तू कीर्तीच राहा. नाव बदलू नकोस. ते नाव तुझ्यासाठी नाहीये.’

कीर्तीने डोळे मोठे केले. मग हसली, आणि तिने सासूच्या दंडाला हात लावला. ‘अहो आई, मी कुठे बदलतेय! पासपोर्ट, बँक, ऑफिस, सगळीकडे कीर्तीच. ते फक्त त्या दिवसापुरतं. ताटात लिहायचं, रील करायची, संपलं.’

‘पण ते फॉन्टचं नाव आहे. त्यांच्या नवीन फॉन्टचं.’

‘माहितीय ना! बाबांनी फाइल दाखवली मला पहिल्याच दिवशी. म्हणूनच तर भारी वाटतं. माझ्या मैत्रिणी तर वेड्या झाल्यात.’ ती पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली. ‘तुम्ही उगाच टेन्शन घेता.’

फक्त त्या दिवसापुरतं. असंही करता येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात जातात, आणि नावही तसंच जाऊ देता येतं. वाचवायला निघालेली बाई आणि जिला वाचवायचं ती, यांत अडकलेली कोण होती हे त्या चार बाय सहाच्या स्वयंपाकघरात फार स्पष्ट दिसत होतं. तिला कीर्तीचा हेवा वाटला आणि रागही आला, इतका की हातातला झारा तिने जरा जोरातच कढईत घातला. हिला फसवता येत नाही कारण हिने काही टाकूनच दिलेलं नाही. कुणी नाव दिलं तर ते घ्यायचं, मिरवायचं आणि परत ठेवून द्यायचं. मी मात्र माझं फेकून दिलं, हात रिकामे करून गेले, आणि पदरात पडलं ते नमुन्याचं.

पोहे घेऊन सगळी बाहेर बसली. शैलेशने खुर्चीवर बसल्या बसल्या गुडघ्यावर पाटी घेतली होती आणि आर्यनला अंगठी कशी तिरकी धरायची ते पेन्सिलने दाखवत होता. आर्यनचा ‘क्ष’ पुन्हा पुन्हा बिघडत होता. कीर्ती ते मोबाइलवर टिपत होती, हसत होती, आणि हसता हसता एकदम काहीतरी सुचून तिने मोबाइल खाली केला.

‘आई, तुमचं लग्नाआधीचं नाव काय होतं हो?’

या घरात हे कुणी कधी विचारलं नव्हतं. आर्यननेही नाही. प्रांजलने हातातला चमचा बशीत ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी ते नाव हवं होतं, आणि ते तिच्या जिभेवर येऊनही बसलं.

‘सांगा ना,’ कीर्ती म्हणाली. ‘बाबा, पुढच्या फॉन्टला तेच ठेवू या! आईंचं ओरिजिनल. काय मस्त होईल.’

शैलेशने मान वर केली. ‘ठेवू की,’ तो म्हणाला, आणि डोळे बारीक केले. ते डोळे तिला माहीत होते. ते नाव आता लांब धरलं जाईल, उकार किंचित आत घेतला जाईल, वेलांटी सैल होईल, गर्दी मोडून काढली जाईल, आणि मग ते साडीच्या पिशवीवर येईल, टॉवरच्या गेटवर येईल, खांबावर दोन्ही अंगांनी लटकेल. लोक म्हणतील, ही जरा मोठी करा. तिने ओठ मिटून घेतले. सगळे तिच्याकडे बघत होते.

‘थांबा, मी सांगतो,’ शैलेश म्हणाला. त्याने पेन्सिल कपाळाला टेकवली. ‘शु वरून होतं. शु… शुभांगी. शुभांगीच ना गं?’

त्याला खरोखरच तसं वाटत होतं. तो थट्टा करत नव्हता. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, सत्तावीस वर्षांत पाहिलं नव्हतं तेवढं नीट. आतून काहीतरी तुटून खाली गेलं, आणि ते जिथे होतं तिथे मोकळं मोकळं झालं. ते नाव याच्याकडे नव्हतं. कागदावर नाही, भिंतीवर नाही, लक्षातसुद्धा नाही. मोऱ्याला ज्यांच्याकडे होतं ती माणसंही आता थोडीच उरली होती.

‘हो,’ ती म्हणाली. ‘शुभांगी.’

‘वाव, छान आहे की!’ कीर्ती म्हणाली.

शैलेश खूश झाला. ‘बघ,’ तो तिला म्हणाला, ‘लोकांना वाटतं मला अक्षरांशिवाय काही आठवत नाही.’ आणि पाटीच्या कोपऱ्यात त्याने एक ‘शु’ काढला.